अमेरिकेतल्या पब्लिक विशेष शाळा: प्रवेश, पटसंख्या आणि निकाल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे किंवा लवकरच तिकडे जाणारे मराठी पालक विशेष शिक्षणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांची अडचण एकसारखीच असते. डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, मुलासाठी एका विशेष शाळेचं नाव सुचवलेलं असतं, आणि रात्री ते नाव इंटरनेटवर शोधलं की समोर येतं ते असं: पट ६८, गणितात प्रावीण्य ‘५ टक्के किंवा कमी’, रेटिंगची चौकट रिकामी. हे आकडे खोटे नसतात, पण ते कशाचे आहेत हे कळल्याशिवाय त्यावरून मुलाचा निर्णय घेऊ नये. संघराज्याचा नियम कुठला आणि राज्याराज्यांत फरक कुठे पडतो, ते त्या त्या उत्तरात सांगितलं आहे.

१. पब्लिक विशेष शिक्षण शाळा म्हणजे नेमकी कोणती शाळा? नेहमीच्या शाळेतल्या विशेष वर्गापेक्षा ती वेगळी कशी?

सरकारी पैशावर चालणारी स्वतंत्र शाळा, जिथले सगळे किंवा जवळजवळ सगळे विद्यार्थी विशेष शिक्षणासाठी पात्र ठरलेले असतात. नेहमीच्या शाळेतला विशेष वर्ग त्या शाळेच्याच पटात मोजला जातो. विशेष शाळेचं नाव, मुख्याध्यापक आणि आकडेवारी वेगळी असते.

ती कोण चालवतं हे ठिकाणावर अवलंबून असतं. न्यू यॉर्क शहरात ‘डिस्ट्रिक्ट ७५’ नावाचा स्वतंत्र विभागच आहे. त्यात वीस हजारांहून जास्त मुलं शिकतात, आणि त्याचे बरेच वर्ग नेहमीच्या शाळांच्या इमारतींमध्येच भरतात. मिझुरीत सेंट लुईस काउंटीसाठी वेगळा स्पेशल स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. छोटे डिस्ट्रिक्ट अनेकदा एकत्र येऊन सामायिक शाळा चालवतात. काही शाळा थेट राज्याच्या असतात, जसं ऑस्टिनमधली अंध मुलांची टेक्सास राज्याची शाळा किंवा फ्रीमाँटमधली कर्णबधिर मुलांची कॅलिफोर्नियाची शाळा.

विशेष शिक्षण घेणारी बहुसंख्य मुलं अशा शाळेत नसतातच. देशभरात ७५ लाखांहून जास्त मुलांना या सेवा मिळतात. शाळकरी वयाच्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं दिवसाचा ८० टक्के किंवा त्याहून जास्त वेळ नेहमीच्या वर्गात घालवतात. वेगळ्या शाळेत जाणारी मुलं शेकडा दोन-तीनच असतात.

२. या शाळेत आम्ही थेट फॉर्म भरून प्रवेश घेऊ शकतो का?

सहसा नाही. भारतात पालक शाळा शोधतात, भेटतात आणि प्रवेश घेतात. इथे आधी मुलाच्या गरजा ठरतात, मग त्या पूर्ण करणारी योजना ठरते आणि सगळ्यात शेवटी जागा ठरते. पालकांनी डिस्ट्रिक्टकडे लेखी मागणी करायची. मूल्यमापनाला तुमची संमती लागते. ‘आयडिया’ या संघराज्याच्या कायद्यात अक्षमतेचे १३ गट आहेत. मूल त्यांपैकी एखाद्या गटात बसतं का, आणि त्यामुळे त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे का, हे पाहिलं जातं. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, तर मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे आयईपी, तयार होते.

डॉक्टरांचं निदान हातात असलं तरी ही पायरी चुकत नाही. ऑटिझमचं निदान झालेलं मूलही शिक्षणावर परिणाम होत नसल्याचं ठरलं तर आयईपीसाठी अपात्र ठरू शकतं. त्याला मग १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली सवलती मिळू शकतात.

कायद्याचा कल नेहमीच्या वर्गाकडे आहे. जादा मदत आणि सेवा देऊनही मुलाचं शिक्षण तिथे समाधानकारक होत नसेल, तरच त्याला वेगळं काढायचं. म्हणून विशेष शाळा हा पहिला पर्याय नसतो.

अपवाद दोन. खास ऑटिझमच्या मुलांसाठी काही चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वायत्तपणे चालणाऱ्या) आहेत, तिथे पालक अर्ज करतात आणि जागा कमी पडल्या तर सोडत निघते. अंध आणि कर्णबधिर मुलांच्या राज्यस्तरीय शाळांची प्रवेशाची पद्धतही वेगळी असते, पण तिथेही बहुधा तुमचा डिस्ट्रिक्ट मध्ये असतोच.

३. मागणी केल्यापासून सेवा सुरू होईपर्यंत किती वेळ लागतो?

संघराज्याच्या नियमाप्रमाणे, तुम्ही संमतीपत्रावर सही केल्यापासून ६० दिवसांत मूल्यमापन पूर्ण व्हायला हवं. राज्याने स्वतःची वेगळी मुदत ठरवली असेल तर ती लागू होते. मूल पात्र ठरल्यावर ३० दिवसांत आयईपीची बैठक व्हावी लागते.

मुदत तुमच्या संमतीपासून मोजली जाते, तोंडी विनंतीपासून नाही. शिक्षिकेशी गेटवर बोलणं झालं, तिने ‘बघू या’ म्हटलं आणि सहा महिने गेले, अशा कहाण्या फार ऐकू येतात. ईमेल करा आणि तारीख राहू द्या.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर शाळेऐवजी राज्याच्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ विभागाकडे जायचं. तिथून पुढे येणारं मूल पात्र असेल, तर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत शाळेकडची योजना तयार असणं कायद्याने बंधनकारक आहे.

४. फी किती? बसचे पैसे वेगळे पडतात का? आम्ही एच-१बी वर आहोत, मग हक्क मिळतो का?

फी नाही. शिक्षण, आयईपीत लिहिलेल्या थेरपी आणि त्यात मान्य झालेली बस, सगळं मोफत. व्हिसाचा इथे संबंध येत नाही. मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतं एवढं पुरे. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येणार नाही असं म्हटलं. तुम्ही तर रीतसर व्हिसावर आहात. घराचा भाडेकरार, वीजबिल असा पत्त्याचा पुरावा मात्र लागतो.

५. आमच्याकडे भारतातलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि थेरपीचे सगळे रिपोर्ट आहेत. त्यावर प्रवेश मिळेल ना?

त्यावर थेट पात्रता मिळत नाही. ४० टक्के किंवा ६० टक्के अशी टक्केवारी इथल्या कायद्यात नाही, त्यामुळे प्रमाणपत्र पाहून कुणी काही ठरवणार नाही. पण रिपोर्ट आणाच. पालकांनी दिलेली माहिती विचारात घेणं मूल्यमापन करणाऱ्या टीमला बंधनकारक आहे, आणि तीन वर्षांचे थेरपीचे रिपोर्ट समोर असले की मूल कुठून कुठवर आलं हे दिसतं. ते इंग्रजीत नसतील तर भाषांतर जोडा. शाळेत नाव घालतानाच मूल्यमापनाची लेखी मागणी द्या. ‘आधी रुळू दे, मग बघू’ असा सल्ला मिळेल. मुलाची अडचण भारतातच स्पष्ट झालेली असेल तर थांबण्याचं कारण नाही.

६. घरी आम्ही मराठीच बोलतो. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला विशेष शाळेत टाकतील का? मराठी बंद करावं का?

नुसतं इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अक्षम ठरवता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. मूल्यमापन मुलाच्या भाषेत, किंवा त्याला काय येतं ते खरं कळेल अशा पद्धतीने करायचं असतं. मराठी जाणणारी स्पीच थेरपिस्ट मिळणं अवघड असतं, पण दुभाषी मागता येतो. बैठकीत काय चाललंय हे तुम्हाला समजावं म्हणून दुभाषी देणंही डिस्ट्रिक्टचं काम आहे. आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील तर त्यांनाही बैठकीला न्या. मुलाबरोबर दिवसभर कोण असतं याला महत्त्व आहे.

मराठी बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने बोलण्यातली अडचण किंवा ऑटिझम वाढतो, याला संशोधनात आधार नाही. ज्या भाषेत आई मुलाला जवळ घेऊन बोलते, गोष्ट सांगते, रागावते, तीच काढून घेतली तर मूल घरातही एकटं पडतं. मराठी बंद करण्याचा सल्ला कुणी कितीही अधिकाराने दिला तरी मी पालकांना तो मानू नका असंच सांगते.

७. शाळेचा पट फक्त ६८ आहे. एवढी कमी मुलं म्हणजे शाळेत काही गडबड आहे का?

नाही. अशा शाळा लहानच असतात, कारण वर्ग लहान असतात. न्यू यॉर्कमध्ये वर्गांची नावंच त्या प्रमाणावरून पडली आहेत. ‘६:१:१’ म्हणजे सहा मुलं, एक शिक्षक, एक पॅरा (शिक्षकाचा मदतनीस). ‘१२:१:४’ म्हणजे बारा मुलं, एक शिक्षक आणि चार मदतनीस. हा वर्ग बहुविध तीव्र अक्षमता असलेल्या मुलांसाठी असतो. ६८ मुलं म्हणजे असे दहाएक वर्ग झाले.

पट पाहताना वयाची विभागणी बघा. प्री-के ते २१ वर्षांपर्यंतची मुलं एकाच शाळेत असतील, तर तुमच्या मुलाच्या वयाची चारच मुलं असू शकतात. त्यातली दोन बोलणारी नसतील आणि तुमचं मूल बोलणारं असेल, तर त्याला गप्पा मारायला सोबती कोण? हा प्रश्न शाळेला नक्की विचारा. मुलग्यांची संख्या मुलींच्या दुपटीने असेल तर दचकू नका. देशभरातच विशेष शिक्षणातली जवळजवळ दोन तृतीयांश मुलं मुलगे आहेत.

८. एका ठिकाणी पट १४०, दुसरीकडे ९५, तिसरीकडे शून्य. खरा आकडा कोणता?

तिन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. राज्याची पटगणना एका ठरावीक दिवशी होते. ‘आयडिया’खालची मुलांची गणना १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर या काळात राज्याने निवडलेल्या दिवशी होते. नेहमीच्या शाळेत त्यानंतर फारसा बदल होत नाही, पण विशेष शाळेत मुलं वर्षभर येत-जात असतात. जानेवारीत प्लेसमेंट, म्हणजे शिकण्याची व्यवस्था, बदललेलं मूल त्या वर्षीच्या आकड्यात दिसणारच नाही.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे. सामायिक शाळेत शिकणारं मूल बऱ्याच राज्यांत कागदोपत्री स्वतःच्या मूळ डिस्ट्रिक्टच्या किंवा घराजवळच्या शाळेच्या पटावर राहतं. शाळेत मूल रोज बसलेलं असतं, पण यादीत ते दुसऱ्या शाळेचं असतं. निकालही मग तिकडेच मोजला जातो. ‘पट शून्य’ असलेली, पण मुलांनी भरलेली शाळा अशी तयार होते.

सलग चार-पाच वर्षं पट घसरत असेल तर कारण विचारा. कधी डिस्ट्रिक्टने मुलांना नेहमीच्या शाळांमध्ये नीट आधार द्यायला सुरुवात केलेली असते, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. कधी शिक्षक टिकत नसतात.

९. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ५:१ लिहिलंय. म्हणजे माझ्या मुलाच्या वर्गात पाचच मुलं असणार?

तसं नाही. हे प्रमाण म्हणजे एकूण पट भागिले एकूण शिक्षक. त्या शिक्षकांत वर्ग न घेणारेही धरलेले असू शकतात, आणि पॅरा, स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट सहसा त्यात मोजलेले नसतात. वर्गात प्रत्यक्ष किती मुलं आणि किती मोठी माणसं असतील हे थेट विचारा. सोबत शिक्षिकेकडे विशेष शिक्षणाचा पूर्ण परवाना आहे की तात्पुरता, हेही विचारा. विशेष शिक्षकांचा तुटवडा देशभर आहे, आणि तात्पुरत्या परवान्यावर माणसं नेमली जातात.

१०. निकालाच्या जागी फुली, तारा किंवा रिकामी जागा का असते? शाळा काही लपवतेय का?

शाळा काही लपवत नाही, मुलांची ओळख झाकलेली असते. समजा चौथीत तीनच मुलं परीक्षेला बसली आणि ‘शून्य टक्के उत्तीर्ण’ असं छापलं. गावातल्या प्रत्येकाला त्या तीनही मुलांचा निकाल कळला. म्हणून राज्यं एक किमान संख्या ठरवतात, साधारण १० ते ३० च्या दरम्यान, आणि त्याखालच्या गटाचे आकडे छापत नाहीत. नेमका निकाल सांगण्याऐवजी ‘५ टक्के किंवा कमी’ अशी मर्यादा छापण्याचं कारणही हेच.

खाजगी संकेतस्थळांचं रेटिंग याच आकड्यांवर बेतलेलं असतं. आकडे नसले की रेटिंग रिकामं राहतं. कधी मोजक्या मुलांच्या निकालावरून एक किंवा दोन गुणही दिले जातात, आणि त्याने पालकांची झोप उडते. विशेष शाळेच्या बाबतीत या रेटिंगला शून्य वजन द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

११. ‘गणितात प्रावीण्य ५ टक्के किंवा कमी’. मग या शाळेत मुलं काही शिकतच नाहीत का?

हा आकडा फक्त एवढंच सांगतो की त्या दिवशी किती मुलं आपल्या इयत्तेच्या पातळीवर होती. मूल किती पुढे गेलं हे तो सांगत नाही.

२०१५ च्या शालेय शिक्षण कायद्यानुसार तिसरी ते आठवी दर वर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन व गणिताची परीक्षा होते. सहावीतलं मूल सहावीच्याच परीक्षेला बसतं. वर्षाच्या सुरुवातीला ते पहिलीच्या पातळीवर वाचत होतं आणि वर्षाअखेर तिसरीच्या पातळीवर वाचू लागलं, तर ते एका वर्षात दोन वर्षांचं अंतर चाललं. घरी पेढे वाटावेत असं यश आहे ते. राज्याच्या तक्त्यात मात्र ते मूल ‘प्रावीण्य नाही’ याच रकान्यात राहतं.

पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. विशेष शाळेत मूल येतं तेच मुळी बाकीचे उपाय पुरे पडले नाहीत म्हणून. आणि ज्या मुलाची प्रगती सगळ्यात चांगली होते ते नेहमीच्या शाळेत परत जातं. त्याचे वाढलेले गुण मग त्या दुसऱ्या शाळेच्या खात्यात जमा होतात. म्हणजे शाळेने आपलं काम उत्तम केलं तर तिच्या आकड्यांतून नेमकं तेच यश निघून जातं, आणि सरासरी होती तिथेच राहते. त्यामुळे दोन विशेष शाळांची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आधी दोन्हीकडे कोणती मुलं आहेत ते पाहायला हवं. शिकण्यातली अक्षमता असलेल्या मुलांची शाळा आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा एका तक्त्यात आल्या तरी त्यांची तुलना होत नाही.

याचा अर्थ कमी टक्केवारी नेहमीच माफ, असं मात्र नाही. ज्या शाळेतली मुलं बौद्धिकदृष्ट्या सक्षम आहेत आणि वर्तनाच्या किंवा भावनिक अडचणींमुळे तिथे आली आहेत, त्या शाळेचा निकाल वर्षानुवर्षं तळाला असेल तर अभ्यास नीट शिकवला जातो का, हे खोदून विचारायलाच हवं.

१२. पर्यायी परीक्षा म्हणजे काय? आमच्या मुलाने ती द्यावी का?

सर्वांत तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी इयत्तेच्याच विषयांवर, पण बदललेल्या निकषांवर घेतलेली ही परीक्षा असते. बरीच राज्यं कॅन्सस विद्यापीठात तयार झालेली ‘डायनॅमिक लर्निंग मॅप्स’ ही परीक्षा वापरतात. तिचे चार स्तर आहेत, आणि ‘लक्ष्यावर’ व ‘प्रगत’ हे वरचे दोन स्तर प्रावीण्य धरले जातात. नेहमीच्या परीक्षेतलं प्रावीण्य आणि हे प्रावीण्य एकच नव्हे. त्यामुळे शाळेचा आकडा पाहताना त्यात कोणती परीक्षा किती मुलांनी दिली ते विचारा.

एका राज्यात एका विषयाच्या परीक्षेला बसणाऱ्या सगळ्या मुलांपैकी १ टक्क्यापेक्षा जास्त मुलांना ही परीक्षा देता येत नाही. ही मर्यादा राज्याला आहे, शाळेला नाही. एखाद्या विशेष शाळेत ९० टक्के मुलं पर्यायी परीक्षा देत असतील तर ते नियमबाह्य नाही.

तुमच्या मुलाबाबत हा निर्णय आयईपी टीम घेते, आणि तो फार जपून घ्यायचा असतो. फक्त ऑटिझम आहे, इंग्रजी कमी येतं किंवा आधीचे गुण कमी होते, यापैकी कशावरूनही मुलाला पर्यायी परीक्षेत टाकता येत नाही. अनेक राज्यांत ही वाट धरली की नेहमीचा हायस्कूल डिप्लोमा दूर जातो. त्याचा डिप्लोमावर काय परिणाम होईल हे पालकांना सांगणं शाळेवर बंधनकारक आहे. तिसरीत घाईने केलेली सही अठराव्या वर्षी आडवी येऊ शकते. त्या बैठकीत ‘यामुळे डिप्लोमाचं काय?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या.

१३. आकड्यांवरून कळत नसेल तर शाळा चांगली की नाही हे ओळखायचं कसं?

शाळेत जाऊन, दिवस चालू असताना. आधी विचारून वेळ घ्या, आणि फक्त सभागृह आणि सेन्सरी रूम दाखवून परत पाठवलं तर वर्ग बघायची विनंती करा. वर्गात गेल्यावर मुलांच्या हातांकडे लक्ष द्या. ती काही करत आहेत का, की मोठी माणसं त्यांच्यासाठी सगळं करून देत आहेत? न बोलणाऱ्या मुलाजवळ संवादाचं साधन आहे का? ते टॅब्लेट किंवा चित्रांचं पुस्तक त्याच्या हाताशी आहे, की कपाटात ठेवलंय? मी स्वतः कुठल्याही शाळेत पहिल्यांदा हीच गोष्ट बघते. ज्या मुलाचं साधन कपाटात असतं त्याचा आवाज कपाटात असतो.

मग कागद. प्रत्येक आयईपीत मोजता येतील अशी वार्षिक उद्दिष्टं असावी लागतात, आणि प्रगतीचा अहवाल ठरावीक काळाने घरी यावा लागतो. पर्यायी परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी मधले छोटे टप्पेही लिहायचे असतात. ‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तीन-चार वाक्यांचा नवा उतारा वाचून पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं देईल’ हे उद्दिष्ट आहे, कारण डिसेंबरात तुम्ही विचारू शकता की पाचपैकी किती जमतात. एकच उद्दिष्ट शब्दही न बदलता सलग तीन वर्षं उतरवलेलं दिसलं, तर उद्दिष्ट तरी चुकीचं आहे किंवा शिकवणं तरी.

२०१७ मध्ये ‘एंड्रू एफ.’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीनुसार योग्य प्रगती व्हावी अशी योजना हवी आणि उद्दिष्टं आव्हानात्मक हवीत. बैठकीत या निकालाचं नाव घेतलं की चर्चेचा सूर बदलतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

सार्वजनिक आकड्यांतले तीन मात्र जरूर बघा. एक, मुलांना धरून ठेवण्याच्या किंवा खोलीत एकटं कोंडण्याच्या घटना. नागरी हक्कांच्या संघराज्यीय पाहणीत शाळानिहाय नोंद असते. तिथे शून्य असेल तर ते खरंच शून्य आहे की नोंदच झाली नाही, हेही विचारा. दुसरं, गैरहजेरी. वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस चुकले तर मूल ‘दीर्घकालीन गैरहजर’ धरलं जातं. आजारपणाचे दिवसही त्यात येतात, त्यामुळे नाजूक तब्येतीच्या मुलांच्या शाळेत हा आकडा मोठा असणं स्वाभाविक आहे. वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या शाळेत तो मोठा असेल, तर मुलांना शाळेत यावंसं का वाटत नाही हा प्रश्न उभा राहतो. तिसरं, शाळा सोडल्यावर एका वर्षाने मुलं कुठे आहेत, म्हणजे पुढे शिकतात का, कामाला लागली का. राज्यांना ही माहिती संघराज्याला द्यावी लागते. शाळेपुरता आकडा छापलेला नसला तरी मुख्याध्यापकांना माहिती असते. विचारल्यावर ते मुलांच्या गोष्टी सांगू लागले तर तुम्ही बऱ्या जागी आला आहात.

१४. शाळेचा ग्रॅज्युएशन दर १२ टक्के आहे. बाकीची मुलं शाळा सोडतात का?

बहुतेक नाही. छापला जाणारा दर म्हणजे नववीत आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत नेहमीचा डिप्लोमा किती जणांना मिळाला. विशेष शाळेतली बरीच मुलं ठरवूनच २१ वर्षांपर्यंत शाळेत राहतात आणि नोकरीचं, घर सांभाळण्याचं, बसने फिरण्याचं शिक्षण घेतात. ती शाळेत हजर असतात, तरीही चार वर्षांच्या हिशेबात ‘ग्रॅज्युएट नाही’ मोजली जातात. पाच-सहा वर्षांचा वाढीव दर आणि शाळा सोडण्याचा दर वेगळा मागून घ्या.

१५. अठराव्या वर्षी डिप्लोमा मिळतोय. घ्यावा का?

थांबून विचार करा. नेहमीचा डिप्लोमा स्वीकारला की मोफत विशेष शिक्षणाचा हक्क त्या दिवशी संपतो. नुसतं पूर्णतेचं प्रमाणपत्र घेतलं तर तो संपत नाही, राज्याच्या वयोमर्यादेपर्यंत चालू राहतो. ही मर्यादा बहुतेक राज्यांत २१ किंवा २२ आहे, मिशिगनमध्ये २६. पुढच्या आयुष्याची योजना १६ व्या वर्षापर्यंत, काही राज्यांत १४ व्या, आयईपीत यायलाच हवी. ती आली नसेल तर डिप्लोमाआधी ती मागा. कॉलेजला जाऊ शकणाऱ्या मुलासाठी डिप्लोमा मोलाचाच आहे. कॉलेजात आयईपी नसते, तिथे सवलती मुलाने स्वतः मागायच्या असतात.

१६. एकदा विशेष शाळेत गेलं की मूल तिथेच अडकतं का?

कायद्याने नाही. आयईपी दर वर्षी तपासायची असते आणि प्लेसमेंटही दर वर्षी नव्याने ठरवायची असते. पूर्ण पुनर्मूल्यमापन दर तीन वर्षांत किमान एकदा होतं. व्यवहारात मात्र कुणी विषय काढला नाही तर मूल आहे तिथेच राहतं. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा: ‘काय जमलं की तो परत जाऊ शकेल?’ आणि ते उद्दिष्टांत लिहून घ्या. पूर्ण परत जाण्याआधी एखादा तास, चित्रकला किंवा जेवणाची सुट्टी, नेहमीच्या शाळेत घालवण्याची सोयही मागता येते. गेल्या पाच वर्षांत किती मुलं परत गेली हेही शाळेला विचारा. प्रश्न ११ मधल्या कारणामुळे हे तक्त्यात दिसणार नाही.

१७. डिस्ट्रिक्ट विशेष शाळा म्हणतोय आणि आम्हाला नको आहे. किंवा उलट: आम्हाला हवी आहे, ते देत नाहीत. काय करायचं?

दोन्हीसाठी पहिलं पाऊल एकच. निर्णय, त्याची कारणं आणि नाकारलेले पर्याय लेखी मागा. अशी सूचना देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे.

सेवा पहिल्यांदाच सुरू होत असतील तर तुमच्या संमतीशिवाय काहीच सुरू होत नाही. त्यानंतरच्या बदलांसाठी मात्र अनेक राज्यांत तुमची सही लागत नाही. तुम्ही वेळेत सुनावणीची (‘ड्यू प्रोसेस’) तक्रार दाखल केली नाही तर डिस्ट्रिक्ट बदल अमलात आणू शकतो. तक्रार दाखल केली की निकाल लागेपर्यंत मूल आहे त्याच ठिकाणी राहतं. घरी बसून नुसता विरोध केल्याने हे संरक्षण मिळत नाही, आणि इथेच बरेच पालक फसतात. मूल्यमापन पटलं नसेल तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. ते द्यायचं नसेल तर डिस्ट्रिक्टला स्वतःहून सुनावणीला जावं लागतं. त्याआधी मध्यस्थीचा मोफत मार्गही आहे.

शाळा हवी असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. प्लेसमेंट म्हणजे कोणत्या प्रकारची व्यवस्था, हे ठरवण्यात तुमचा हक्काचा सहभाग असतो. नेमकी कोणती इमारत, हे बहुतेक वेळा डिस्ट्रिक्ट ठरवतो. म्हणून ‘अमुक शाळा द्या’ म्हणण्यापेक्षा मुलाला काय लागतं ते सांगा: सहा मुलांचा वर्ग, दिवसभर नर्स, खुणांची भाषा येणारी शिक्षिका. त्या गरजा आयईपीत उतरल्या की शाळांची यादी आपोआप लहान होते. डिस्ट्रिक्टकडे योग्य शाळाच नसेल तर खाजगी शाळेचा खर्चही त्यालाच करावा लागू शकतो.

१८. नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जावं लागतंय. प्रवेश, आयईपी सगळं पुन्हा पहिल्यापासून?

सेवा थांबत नाहीत. नव्या डिस्ट्रिक्टने जुन्या आयईपीशी तुलना होईल अशा सेवा लगेच द्यायच्या असतात, आणि गरज वाटली तर नव्याने मूल्यमापन करून आपली आयईपी बनवायची असते. तशीच शाळा मिळेल याची मात्र खात्री नाही. जुन्या गावी स्वतंत्र शाळा होती आणि नव्या ठिकाणी विशेष वर्गच असेल, तर सुरुवात त्या वर्गात होऊ शकते. पर्यायी परीक्षा आणि डिप्लोमाचे नियमही राज्यागणिक बदलतात, त्यामुळे हायस्कूलच्या वयात घर बदलत असाल तर प्रश्न १२ आणि १५ नव्या राज्यासाठी पुन्हा विचारा. निघण्याआधी चालू आयईपी, शेवटचं पूर्ण मूल्यमापन आणि वर्षभराचे प्रगती अहवाल यांच्या प्रती स्वतःजवळ घ्या. शाळा-शाळांमधून कागद जायला आठवडे लागतात. भारतात कायमचं परतत असाल तरी हेच कागद आणा.